घरोघरीचा ओला कचरा शेतापर्यंत न्यायचाय, पण शेतकऱ्यांना सोबत कसं घ्यायचं?

रानवारा

मंडळी, नमस्कार.

कंपोस्ट कसं करायचं यावर इथे बरंच लिहून झालंय. मला त्याच्या आधीच्या अडचणीबद्दल बोलायचंय. घरं कचरा द्यायला तयार असतात, जमिनीला सेंद्रिय खत हवंच असतं, आणि तरी या दोघांची गाठ पडत नाही. ती का पडत नाही हे समजायला माझी तीन वर्षं गेली. कुणाची तेवढी जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्या वर्षी आम्ही आठ-दहा जणांनी गावाच्या कडेला दोन मोठे खड्डे घेतले. बैठक झाली, सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन महिन्यांत त्या खड्ड्यांत फुटक्या काचा, दाढीची पाती, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि गाठ मारलेल्या पिशव्यांत सडत पडलेलं अन्न. वर घाण वास आणि कुत्र्यांचा सुळसुळाट. तरी आम्ही ते कसंबसं कुजवलं आणि एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या गळ्यात मारलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. पुढे खुरपणीच्या वेळी एका बाईच्या तळहातात काच घुसली. तो शेतकरी आवाज न चढवता एवढंच म्हणाला, "जखम भरेल. पण बाकीची काच आता माझ्या नातवापर्यंत रानात राहणार."

हे मी अजून विसरलो नाही. आम्ही गाव स्वच्छ करायला निघालो होतो, आणि त्या हिशेबात त्याचं रान म्हणजे कचऱ्याची शेवटची जागा होती. त्याला सहकार्याला बोलावलंय असं आम्हाला वाटत होतं. प्रत्यक्षात आम्ही आमची अडचण त्याच्या बांधावर नेऊन टाकली होती.

दुसऱ्या वर्षी उलटं केलं. घरांकडे जाण्याआधी तीन शेतकऱ्यांकडे गेलो आणि विचारलं, "काय आलं तर तुम्ही रानात घ्याल?" त्यांनी बसून अटी सांगितल्या. काच, धातू, प्लास्टिक अजिबात नको. ढीग त्यांच्याच बांधावर, त्यांच्या नजरेसमोर. पेरणी आणि काढणीच्या धांदलीत ढीग हलवायला त्यांना बोलवायचं नाही. आणि शेवटची अट अशी की आलेली बादली नापसंत पडली तर ती परत करायचा हक्क त्यांचा, त्यावर वाद नाही.

या शेवटच्या अटीला आमच्यातल्याच काहींचा विरोध होता. लोक दुखावतील, देणंच बंद करतील, अशी भीती. आम्ही तरी मान्य केली. बावीस घरं होती. पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन बादल्या परत जायच्या, त्याच दिवशी, त्याच घरी, काय सापडलं ते दाखवून. महिनाभरात एखादीच परत जाऊ लागली. पहिल्या वर्षीची पत्रकं आणि भाषणं यांनी जे साधलं नव्हतं ते परत गेलेल्या बादलीने साधलं. तीन शेतकऱ्यांचे पुढे सात झाले, तेही न बोलावता आले.

आता अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. खत चांगलं निघतंय म्हटल्यावर कचरा देणाऱ्या घरांनाही खत हवंय. ज्यांची जमीन आहे त्यांना, आणि नाही त्यांनाही. वाटणी कशी करायची? आणि नवे शेतकरी जोडायचे कसे? ज्यांनी असं काही चालवलंय त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

तिफण

रानवारा, मनापासून लिहिलंय. मी शेतकरी आहे, म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगतो.

आमच्याकडे येणारा प्रत्येकजण खताचे फायदे सांगतो. फायदे आम्हाला ठाऊक आहेत, उकिरडा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राखलाय. ढीग पालटणार कोण, पाणी कोण मारणार आणि गाडीचा खर्च कुणाच्या अंगावर, हे मात्र कुणी विचारत नाही. युरियात ४६ टक्के नत्र. पोतं डोक्यावर घेऊन एक माणूस शेतात जातो. तेवढंच नत्र कंपोस्टमधून द्यायचं तर गाड्याच्या गाड्या ओढाव्या लागतात. शेतकरी नाही म्हणतो तेव्हा तो मागासलेला नसतो. त्याच्या घरात मजुरीचा हिशेब झालेला असतो.

मी तयार झालो त्याचं कारण सांगतो. ओल्या कचऱ्याला कोरडं लागतं आणि कोरडं माझ्याकडे पडलेलं असतं. काढणीनंतरचं काड, धसकटं, पालापाचोळा, गोठ्यातलं उरलंसुरलं वैरण. त्यातलं बरंचसं मी पेटवून द्यायचो. एकटं काड ढिगात वर्षभर तसंच राहतं. एकटा ओला कचरा चिखल होऊन घाण मारतो. दोन्ही एकत्र आले की कुजतात. म्हणजे गाव मला काहीतरी देतंय आणि मीही गावाला काहीतरी देतोय. हे कळल्यावर मला ते उपकारासारखं वाटेनासं झालं. नवा शेतकरी जोडताना त्याच्याकडे काय आहे यापासून बोलणं सुरू करा. काड आहे? शेण आहे? ट्रॉली आहे? नुसती रिकामी जागा आहे? प्रत्येकाकडे काहीतरी असतंच.

सूक्ष्मजीव

तिफण यांच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो.

कुजवणाऱ्या जीवाणूंना कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) साधारण २५ ते ३० भागांना १ या प्रमाणात मिळालं तर काम वेगाने होतं. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात हे प्रमाण १५ ते २० च्या आसपास, वाळलेल्या काडात ८० च्या आसपास, आणि लाकडाच्या भुशात तर कित्येक शेकडा. मापायला सोपं म्हणून आकारमानाने एक पाटी ओलं, दोन ते तीन पाट्या कोरडं असं धरावं. अमोनियाचा झणझणीत वास आला तर कोरडं कमी पडलंय. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा पोचत नाहीये, ढीग पालटा. ओलावा ५० ते ६० टक्के हवा. मूठभर माल दाबला की बोटांच्या फटीत ओल दिसावी पण धार लागू नये, ही चाचणी पुरेशी आहे.

ओलं-कोरडं एकत्र करायची ही विद्या जुनी आहे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला ती पद्धतशीर बसवली. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर द्यायचे, ठरावीक वेळी पालटायचे, तीन महिन्यांच्या आसपास खत तयार. पुढे पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी नाडेप टाकं रूढ केलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोकं. त्यात शेण फार थोडं लागतं आणि पालटायची कटकट नाही. ज्यांच्याकडे जनावरं कमी आहेत किंवा मनुष्यबळ नाही त्यांना हे टाकं सोयीचं.

आता एक कटू हिशेब, कारण वाटणीचा प्रश्न त्यातच अडकलाय. घरटी दिवसाला एक किलो ओला कचरा धरला तर शंभर घरांचा वर्षाला साडेछत्तीस टन. त्यात तीन चतुर्थांशांहून जास्त पाणीच. बारा टन काड मिसळलं तरी हाती येणारं तयार खत पंधरा टनांच्या आसपास. हेक्टरी ५ टन टाकायचं म्हटलं तर तीन हेक्टर भागतात. शंभर घरांच्या कचऱ्यात तीन हेक्टर! त्यामुळे "सगळ्या गावाला सेंद्रिय खत मिळेल" असं कुणी सांगत असेल तर थांबवा. नंतर त्याच वाक्यावरून भांडणं होतात.

आणखी एक. त्या ५ टनांत सगळं मिळून पन्नासेक किलो नत्र असेल, त्यातलं पहिल्या वर्षी पिकाला जेमतेम दहा-वीस टक्के मिळतं. बाकीचं सावकाश. कंपोस्टला युरियाचा पर्याय म्हणून पुढे केलं की पहिल्याच हंगामात शेतकऱ्याचा विश्वास जातो. जमीन भुसभुशीत होणं, ओल धरून ठेवणं, पाणी मुरणं, हे त्याचं खरं काम. ते दिसायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि हे आधीच सांगितलेलं बरं.

परसदार

शेतकऱ्यांची बाजू आली, आता चुलीजवळची.

खेड्यातलं घर आणि शहरातलं घर यांत फरक आहे. उरलेलं अन्न, सालं, देठं यांतलं बरंचसं आधीच गाईगुरांच्या नाहीतर कोंबड्यांच्या पुढे जातं. तसंच जावं, कंपोस्टच्या हट्टापायी जनावराच्या तोंडचं काढू नका. उरतं ते केर, राख, सडलेली भाजी, अंगणातला पाला. सूक्ष्मजीव यांचा एक किलो बऱ्याच घरी निघणारही नाही. आधी आठवडाभर वजन करून पाहा, मगच खड्ड्याचा आकार ठरवा.

राखेबद्दल सांगते. लाकडाची राख मूठभर चालते, बादलीभर नको. ती अल्कधर्मी असते, ढिगात जास्त झाली की नत्र अमोनिया होऊन उडून जातं. दगडी कोळशाची राख तर अजिबात नको. आमच्याकडे सगळ्यात जास्त बादल्या राखेमुळे परत आल्या, कारण ती "कचरा नाही, मातीच आहे" असं सगळ्यांना वाटायचं.

आणि हे मला सगळ्यात जवळचं आहे. वेगवेगळं करायचं काम घरातली बाई करते, आणि बैठकीला जातो घरातला पुरुष. बादली परत येते तेव्हा ऐकून घ्यावं लागतं बाईला. आम्ही यावर एकच बदल केला. बादली परत करताना घरातल्या सगळ्यांसमोर करायची आणि कुणी काय टाकलं ते तिथेच बघायचं. पाती टाकणारा आणि गुटख्याच्या पुड्या टाकणारा कोण हे तेव्हा उघड झालं. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर यांच्यासाठी झाकणाचा तिसरा डबा द्या. तो दिला नाही तर ते कुठेतरी जाणारच, आणि बहुतेकदा पाल्याखाली लपून ओल्या बादलीतच जातात. याबद्दल बोलायला लाज वाटते म्हणून योजनेत ते येतच नाही.

नवा_गडी

एक शंका आहे. एवढी गुंतागुंत कशाला? प्रत्येक घराने आपल्या परसात खड्डा करावा, आपलं खत आपण वापरावं. वाटणीचा प्रश्नच मिटेल.

सूक्ष्मजीव

@नवा_गडी, ज्याच्याकडे परस आहे आणि झाडं आहेत त्याने तसंच करावं, माझा पूर्ण पाठिंबा. अडचण उष्णतेची आहे. ढीग सुमारे एक घनमीटरपेक्षा लहान असला तर आतली ऊब बाहेर निघून जाते. कचरा कुजतो, पण सावकाश आणि थंड. तणांचं बी आणि रोगजंतू मरायला ढीग तापावा लागतो. उघड्या लांब ढिगांसाठी अमेरिकेच्या नियमांत ५५ अंश किंवा त्याहून जास्त तापमान १५ दिवस आणि त्या काळात निदान पाच वेळा पालटणं, अशी अट आहे. पालटताना बाहेरचं आत गेलं पाहिजे, कारण कडा थंडच राहतात. परसातल्या झाडांना हे फारसं लागत नाही. पण शेतात टाकायचं असेल तर तणाचं बी पसरवणारं खत कुठलाही शेतकरी दुसऱ्यांदा घेणार नाही. मोठा ढीग एकत्र येऊनच होतो.

तापमापक नसेल तर लोखंडी सळई ढिगात खोल खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा. हातात धरवत नसेल तर ढीग तापलाय.

नवा_गडी

पटलं. धन्यवाद. मग पावसाळ्यात काय करता? आमच्याकडे खड्ड्यात पाणी साठतं.

तिफण

खड्डा बुजवा आणि जमिनीच्या वर ढीग करा. उतारावर, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब. खाली जाड काटक्यांचा थर, वर काडाचं जाड पांघरूण, घोड्याच्या पाठीसारखा आकार दिला की पाणी घसरून जातं. ढिगातून गळणारं तपकिरी पाणी विहिरीकडे जाता कामा नये. एवढं एक सांभाळलं नाही तर गाव तुमच्या कायमचं विरोधात जातं, आणि ते बरोबरच आहे.

काळी_माती

उशिरा आलोय, पण दोन गोष्टी सांगायच्याच आहेत.

पहिली, इशारा. तिफण यांचं काड घ्यायच्या आधी त्यावर कुठलं तणनाशक मारलं होतं ते विचारा. ॲमिनोपायरालिड, क्लोपायरालिड या गटातली काही तणनाशकं काडात, चाऱ्यात, आणि तो चारा खाल्लेल्या जनावराच्या शेणातही टिकून राहतात. कंपोस्ट तापलं तरी ती लगेच मोडत नाहीत. गवतवर्गीय पिकांना काही होत नाही, म्हणून कळतही नाही, पण शेंगवर्गीय पिकं आणि टोमॅटोची पानं वेडीवाकडी गुंडाळतात. तपासायला सोपं आहे. चार कुंड्यांत हे खत आणि माती, चार कुंड्यांत नुसती माती, सगळ्यांत घेवड्याचं बी. तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो. हा अपघात एकदा झाला तर गावातला सगळा प्रयोग एका हंगामात संपतो, म्हणून कळकळीने सांगतोय.

दुसरी, वाटणी. ऑस्ट्रियाचं उदाहरण मला फार आश्वासक वाटतं. तिथे १९९५ पासून घरोघरीचा जैविक कचरा वेगळा गोळा करणं कायद्याने आलं, आणि ग्रामीण भागात त्याचं कंपोस्ट करायचं काम बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्यांनीच अंगावर घेतलं. आपल्या आवारात कुजवायचं, आपल्याच जमिनीत वापरायचं. त्या कामाचा मोबदला त्यांना मिळतो. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथे शेतकरी हा सेवा देणारा माणूस आहे. कचरा हलवायला गावाला कुठेतरी पैसे पडतातच. ते शेतकऱ्याला का मिळू नयेत?

सामाईक साधनं गावांनी कशी टिकवली यावर एलिनॉर ऑस्ट्रम यांनी आयुष्यभर काम केलं, २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना जगभर दिसलेली गोष्ट अशी की जे वापरतात त्यांनीच नियम केले, त्यांनीच लक्ष ठेवलं आणि चूक करणाऱ्याला आधी हलकी, मग वाढती शिक्षा ठेवली, तिथे व्यवस्था टिकली. रानवारा यांची परत जाणारी बादली म्हणजे नेमकी ती पहिली हलकी शिक्षा आहे. दंड लावला असता तर घरं तुटली असती.

रानवारा

सगळ्यांचे आभार. दोन दिवस या प्रतिसादांवर विचार केला, आमच्या मंडळींपुढे वाचूनही दाखवले.

सूक्ष्मजीव यांच्या हिशेबाने आमचे डोळे उघडले. आम्ही सगळ्यांना थोडं थोडं वाटत होतो. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार घमेली यायची, त्याने कुठल्याच रानात काही दिसायचं नाही आणि सगळेच नाराज. आता असं ठरवतोय. ढिगातलं खत दर वर्षी दोन शेतांनाच, पण पुरेसं. पुढच्या वर्षी पुढची दोन. क्रम चिठ्ठ्या टाकून, सगळ्यांदेखत. ज्याने काड, शेण, ट्रॉली किंवा श्रम दिले त्याचं नाव चिठ्ठीत. जमीन नसलेल्या घरांना खताऐवजी मोबदला, कारण ढीग पालटायला आणि चाळायला माणसं लागतातच आणि ते काम फुकट करून घेणं चूक आहे, हे तिफण यांनी दाखवून दिलं.

परसदारताई, तिसऱ्या डब्याचा मुद्दा वाचून मी गप्प झालो. तीन वर्षांत आमच्या एकाही बैठकीत तो निघाला नव्हता. आमच्या बैठकीत बायकाच नव्हत्या, त्यामुळे निघणार तरी कसा? पुढची बैठक दुपारच्या वेळी, घराघरातल्या बायकांना विचारून ठेवतोय. बादली तपासायला दोन जणी तयार आहेत, आणि घ्यायची की परत करायची हा निर्णय त्यांचाही असेल.

तणनाशकाचं मला अजिबात माहीत नव्हतं. आजच कुंड्या भरल्या.

परसदार

बैठक दुपारी ठेवताय हे फार चांगलं. एक करा, बादली परत नेणारी बाई एकटी पाठवू नका. दोघी असल्या की कुणी तोंड टाकत नाही.

तिफण

चिठ्ठ्यांची पद्धत आवडली. ज्याचा नंबर लागेल त्याला सांगा, सगळ्या रानात टाकू नकोस. मध्ये एक पट्टा बिनखताचा ठेव, रस्त्यालगत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. पाऊस लांबला की दोन पट्ट्यांतला फरक आपोआप दिसतो. माझ्याकडे शेजारी असेच आले. मी कुणालाही एक शब्द सांगितला नव्हता, त्यांनी वाळत चाललेला पट्टा आणि शेजारचा तजेलदार पट्टा पाहिला आणि संध्याकाळी घरी आले.

आणि खत कच्चं टाकू देऊ नका. कच्चा माल जमिनीतलंच नत्र ओढून घेतो, पीक पिवळं पडतं आणि बदनामी कंपोस्टची होते. थंड झालेलं, काळसर, मातीचा वास येणारं, काड ओळखू न येणारं, असं झालं की मगच.

नवा_गडी

चाळणीची जाळी किती ठेवता?

तिफण

अर्ध्या इंचाची. वर राहिलेला जाडा माल टाकायचा नाही, पुढच्या ढिगाच्या तळाला घालायचा. त्यात आधीचे जीवाणू असतात, नवा ढीग लवकर तापतो. आणि चाळताना काच किंवा प्लास्टिक सापडलं तर ते वेगळ्या डब्यात साठवा, महिन्याच्या शेवटी तो डबा बैठकीत मधोमध ठेवा.